राज्यघटनेत न लिहिलेला शब्द

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे अडखळणं झालं ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जरा लांबचा वाटेल. अमेरिकेची राज्यघटना आणि गुलामगिरी. पण मी या विषयात शिरलो तो ऑफिसच्या कामातून, तर तिथूनच सुरुवात करतो.

२०२० ची गोष्ट. नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या टीमकडे एक काम आलं. जुन्या कोडमध्ये जिथे जिथे ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ असे शब्द आहेत ते बदलायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एक मुख्य डेटाबेस असतो आणि त्याच्या कॉप्या असतात. मुख्य जे सांगेल ते कॉपीनं निमूटपणे करायचं. म्हणून मुख्य तो मास्टर आणि कॉपी ती स्लेव्ह. वर्षानुवर्षं हेच शब्द चालत आलेले. त्या वर्षी अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा खून झाला, प्रचंड आंदोलनं झाली, आणि सॉफ्टवेअरच्या जगातही हे शब्द बदलायची लाट आली. कॉलवर कुणीतरी म्हणालं, “नाव बदलून काय होतं रे?” सगळे हसले. मीही हसलो.

त्या रात्री सहज म्हणून अमेरिकेची राज्यघटना उघडली. आपली घटना म्हणजे जाडजूड ग्रंथ. त्यांची मूळ घटना साधारण साडेचार हजार शब्दांची, एका बैठकीत वाचून होते. पण मी इंजिनिअर माणूस, वाचतो कशाला? कंट्रोल-एफ मारलं आणि टाइप केलं, ‘स्लेव्ह’.

१७८७ च्या मूळ मजकुरात शून्य. एकदाही नाही.

ज्या देशात तेव्हा साधारण सात लाख माणसं गुलाम होती, ३९ लाखांच्या लोकसंख्येत सात लाख, त्या देशाच्या घटनेत तो शब्दच नाही. पुढच्या दुरुस्त्या धरल्या तर तो दोनदा सापडतो. पहिल्यांदा १८६५ मध्ये, तेराव्या दुरुस्तीत, जिथे गुलामगिरी बंद केली तिथे. म्हणजे प्रथा होती तेव्हा तिचं नाव नाही, आणि नाव आलं ते तिच्या मृत्युपत्रात. दुसऱ्यांदा चौदाव्या दुरुस्तीत. तिथे म्हटलंय की गुलाम सुटले म्हणून मालकांनी नुकसानभरपाई मागितली तर एक पैसाही मिळणार नाही.

माझा पहिला विचार आला तो असा की घटना लिहिणाऱ्यांनी बहुधा विषयच टाळला असेल. गुगल-बिगल करत, वाचत गेलो तेव्हा कळलं, अजिबात नाही. विषय घटनेत ठासून भरलाय. फक्त नाव बदलून.

आता जरा १७८७ मध्ये जाऊ. फिलाडेल्फिया शहर, मे ते सप्टेंबर. ५५ प्रतिनिधी, त्यातले साधारण २५ जण स्वतः गुलामांचे मालक. दारं बंद, आतलं बाहेर सांगायचं नाही असा नियम. व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन मात्र रोज बसून टिपणं काढायचे. ती छापली गेली १८४० मध्ये, मॅडिसन वारल्यानंतर चार वर्षांनी. म्हणजे पन्नासेक वर्षं लोकांना आत नेमकं काय झालं ते नीट माहीतच नव्हतं.

आत काय झालं? पहिलं भांडण माणसं मोजण्यावरून. संसदेच्या खालच्या सभागृहात कुठल्या राज्याला किती जागा, हे लोकसंख्येवर ठरणार होतं. मग गुलाम मोजायचे का?

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो इन्स्टाग्रामवर दर महिन्याला फिरतो. ‘अमेरिकेच्या घटनेत काळ्या माणसाला तीन-पंचमांश माणूस म्हटलंय’ असा. यात अर्धीच गोष्ट येते, आणि खरी गोष्ट त्याहून वाईट आहे. गुलामांना पूर्ण मोजा असं म्हणणारे कोण होते? गुलामांचे मालक! दक्षिणेतली राज्यं म्हणत होती, आमचा प्रत्येक गुलाम पूर्ण एक धरा. उत्तरेतले म्हणत होते, अजिबात धरू नका. कारण मोजणीचा अर्थ हक्क असा नव्हताच. मत कुणालाच मिळणार नव्हतं. गुलाम मोजायचे आणि त्यांच्या डोक्यांच्या जोरावर मालकांना जास्त जागा द्यायच्या, असा तो व्यवहार. तडजोड झाली पाचास तीन.

साधं गणित करून बघा. एका राज्यात एक लाख स्वतंत्र माणसं, आणि दुसऱ्यात एक लाख स्वतंत्र अधिक एक लाख गुलाम. दुसऱ्या राज्याची मोजणी होणार एक लाख साठ हजार. गुलामाचं मत शून्य, मालकाच्या राज्याचं वजन दीडपटीहून जास्त. आणि राष्ट्राध्यक्ष निवडणारे मतदारही याच हिशोबानं वाटलेले. १८०० च्या निवडणुकीत थॉमस जेफरसन ७३ विरुद्ध ६५ अशा फरकानं जॉन अ‍ॅडम्स यांना हरवून राष्ट्राध्यक्ष झाले. हे गुलामांच्या मोजणीचे जादा मतदार नसते तर अ‍ॅडम्स जिंकले असते, असा हिशोब अनेक इतिहासकारांनी मांडलाय. पहिल्या ३६ वर्षांतली ३२ वर्षं राष्ट्राध्यक्ष एकट्या व्हर्जिनियाचा होता. वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, मन्रो. चौघंही गुलामांचे मालक.

पेनसिल्व्हेनियाचे एक प्रतिनिधी होते, गव्हर्नर मॉरिस. गव्हर्नर हे त्यांचं नाव, पद नाही, मीही आधी फसलो होतो. त्यांनी सभेत सरळ विचारलं की ही माणसं आहेत का? असतील तर नागरिक करा, मत द्या. मालमत्ता आहेत का? मग बाकीची मालमत्ता का नाही मोजत? उत्तर कुणाकडे नव्हतं. पण बहुमत होतं.

आता त्या कलमात गुलामांना काय म्हटलंय बघा. ‘इतर सर्व व्यक्ती’. आधी स्वतंत्र माणसांचा उल्लेख, मग ‘इतर सर्व व्यक्तींच्या तीन-पंचमांश’. बस. परग्रहावरून कुणी आलं आणि त्यानं हे वाचलं तर त्याला कळणारही नाही की कोणाबद्दल चाललंय.

दुसरं कलम गुलामांच्या व्यापाराबद्दल. आफ्रिकेतून जहाजं भरून माणसं आणण्यावर १८०८ पर्यंत संसदेनं बंदी घालायची नाही. आणि नंतर कुणाचं मन बदललं तर? म्हणून घटनादुरुस्तीच्या कलमातही पाचर मारून ठेवली, की १८०८ च्या आधी हे कलम दुरुस्तही करता येणार नाही. दरडोई दहा डॉलरपर्यंत कर मात्र लावता येईल. इथे गुलामांचं नाव काय? राज्यांना ‘ज्या व्यक्ती आणणं योग्य वाटेल अशा व्यक्ती’. जणू काही पाहुणे बोलावतायत.

मुदत संपली त्याच दिवशी, १ जानेवारी १८०८ ला, बंदी लागू झाली. ऐकायला बरं वाटतं. पण तोवर देशातच गुलामांचा बाजार उभा राहिला होता. व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यांतून कापसाच्या नव्या मळ्यांकडे माणसं विकली जात होती, नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे. १८६० च्या जनगणनेत गुलामांचा आकडा जवळपास चाळीस लाख होता. सातावरून चाळीस.

तिसरं कलम मला सगळ्यात भयानक वाटतं. पळून गेलेल्या गुलामाबद्दलचं. एका राज्यातून गुलाम पळून दुसऱ्या राज्यात गेला, आणि तिथे गुलामगिरी नसली, तरी तो स्वतंत्र होत नाही. मागणी आली की परत करायचा. शब्द काय? ‘सेवेला किंवा श्रमाला बांधलेली व्यक्ती’. ऐकलं तर वाटेल, नोकरीच्या बाँडबद्दल आहे. नोटीस पीरियड न भरता गेला वाटतं!

हे कलम प्रत्यक्षात कसं चालायचं त्याचं एक उदाहरण देतो. ओना जज नावाची मुलगी. मालक कोण? खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांचं घर. ती मार्था वॉशिंग्टन यांची खास दासी. तेव्हा राजधानी फिलाडेल्फियात होती, म्हणजे पेनसिल्व्हेनियात, आणि तिथल्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला तर तो सुटका मागू शकत होता. मग राष्ट्राध्यक्षांच्या घरी काय करायचे? सहा महिने भरायच्या आत गुलामांना राज्याबाहेर फिरवून आणायचे. परत घड्याळ शून्यावर. कायद्यातली फट आपल्याकडेच शोधतात असं नाही हां.

१७९६ मध्ये ओनाला कळलं की आपल्याला मार्थाबाईंच्या नातीला देऊन टाकणार आहेत. एका संध्याकाळी घरातले जेवायला बसलेले असताना ती निघून गेली. जहाजानं न्यू हॅम्पशायरला पोचली. वॉशिंग्टन यांनी तिला परत आणायची खटपट केली, पेपरात दहा डॉलर इनामाची जाहिरात आली. पळालेले गुलाम पकडायचा १७९३ चा कायदा, ज्यावर सही होती ती वॉशिंग्टन यांचीच. ओना सापडली, पण परत आली नाही. तिथेच लग्न केलं, मुलं झाली, १८४८ मध्ये वारली. आणि कायद्यानं मरेपर्यंत ती फरारीच होती. पन्नास वर्षांहून जास्त काळ. घटनेतली ती एक ओळ तिच्या डोक्यावर होती, आणि त्या ओळीत ‘गुलाम’ हा शब्द नव्हता.

पुढे १८५० मध्ये नवा कायदा आला तो आणखी कडक. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूनं साक्ष देता यायची नाही. निकाल देणाऱ्या कमिशनरची फी? मालकाच्या बाजूनं निकाल दिला तर दहा डॉलर, माणूस सोडून दिला तर पाच. मी हे तीन ठिकाणी तपासलं, कारण मला वाटलं कुणीतरी चेष्टा केलीय. खरं आहे.

मग शब्द का टाळला? मॅडिसन यांच्या टिपणात याचं उत्तर आहे. २५ ऑगस्ट १७८७ ला सभेत मॅडिसन यांचं म्हणणं होतं की माणूस ही मालमत्ता असू शकते, ही कल्पना घटनेत मान्य करणं चूक आहे. ऐकायला किती छान! आणि हे बोलणारा माणूस स्वतः गुलामांचा मालक, आणि जन्मभर राहिला. आता याचे दोन अर्थ निघतात. एक, त्यांना लाज वाटत होती. दोन, त्यांना वाटत होतं की ही प्रथा पुढे आपोआप जाईल, तेव्हा घटनेवर डाग नको. मला वाटतं दोन्ही खरं असेल. पण लाज वाटून त्यांनी प्रथा नाही बदलली, शब्द बदलला.

गंमत म्हणजे, या लपवलेल्या शब्दानं पुढे दोन्ही बाजूंना हत्यार दिलं. विल्यम लॉइड गॅरिसन हे गुलामगिरीचे कट्टर विरोधक. ते म्हणायचे, ही घटनाच पापाचा करार आहे. ४ जुलै १८५४ ला, म्हणजे स्वातंत्र्यदिनी, मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमला भर सभेत त्यांनी घटनेची प्रत जाळली. आणि दुसरीकडे फ्रेडरिक डग्लस. स्वतः गुलाम म्हणून जन्मलेला, पळून आलेला, स्वतःच्या बळावर लिहायला-वाचायला शिकलेला माणूस. आधी तो गॅरिसनच्याच गटात होता. १८५१ च्या सुमाराला त्यानं मत बदललं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, ठीक आहे ना, तुम्ही शब्द लिहिला नाहीत. मग जे लिहिलंय तेच मी वाचणार. लिहिलंय ‘व्यक्ती’. व्यक्तीला हक्क असतात. लिहिणाऱ्यांच्या पोटात काय होतं त्याच्याशी मला काय करायचंय?

मला हे फार आवडलं. जुना कोड आपल्या हातात येतो, लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेलेला असतो. त्याचा हेतू काय होता हे शोधत बसण्यापेक्षा कोड प्रत्यक्षात काय करू देतोय ते बघायचं. डग्लसनं तेच केलं, आणि पणाला लावलं होतं ते आपल्या लोकांचं आयुष्य.

सुप्रीम कोर्टानं मात्र ऐकलं नाही. ६ मार्च १८५७, ड्रेड स्कॉट खटला. स्कॉट नावाचा गुलाम, त्याचा मालक त्याला गुलामगिरी नसलेल्या प्रदेशात घेऊन राहिला होता, म्हणून आपण स्वतंत्र आहोत असा त्याचा दावा. सात विरुद्ध दोन अशा बहुमतानं तो फेटाळला. मुख्य न्यायाधीश रॉजर टॉनी यांचं म्हणणं, आफ्रिकन वंशाचा माणूस, गुलाम असो वा मोकळा, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. आणि त्यांच्या मते घटनेत गुलामरूपी मालमत्तेचा हक्क अगदी स्पष्टपणे मान्य केलेला आहे. स्पष्टपणे! ज्या मजकुरात तो शब्द एकदाही नाही, त्यात त्यांना स्पष्ट दिसला.

आता जो भाग सांगणार आहे तो मला स्वतःला माहीत नव्हता, आणि माझ्या अमेरिकेतल्या दोन सहकाऱ्यांनाही नव्हता. लिंकन १८६० ची निवडणूक जिंकले, दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली. त्यांना थांबवण्यासाठी संसदेनं मार्च १८६१ मध्ये एक घटनादुरुस्ती दोन-तृतीयांश मतांनी मंजूर केली. कशासाठी? संसदेला कुठल्याही राज्यातली गुलामगिरी कधीच बंद करता येऊ नये म्हणून. ती कॉर्विन दुरुस्ती. राज्यांनी मान्यता दिली असती तर तेरावी घटनादुरुस्ती ती झाली असती! लिंकन यांनी पदाची शपथ घेतली त्या भाषणात सांगितलं की आपला हिला विरोध नाही. आणि तिथेही तो शब्द नाहीच. ‘श्रमाला किंवा सेवेला बांधलेल्या व्यक्ती’. ७४ वर्षं झाली तरी तीच पळवाट. युद्ध पेटलं आणि ती दुरुस्ती मागे पडली. तिला मुदत घातलेली नव्हती, त्यामुळे कागदोपत्री ती आजही राज्यांसमोर पडून आहे. दीडशे वर्षं उघडी पुल रिक्वेस्ट, ना मर्ज, ना क्लोज.

खरं बोलले ते फुटून गेलेले. दक्षिणेतल्या राज्यांनी १८६१ मध्ये स्वतःची वेगळी घटना लिहिली, आणि तिच्यात ‘निग्रो गुलाम’ असे शब्द सरळ घातले, त्यांच्यावरचा मालकी हक्क कुठल्याही कायद्यानं कमी होणार नाही म्हणून. लाज गेली की भाषा किती स्वच्छ होते बघा.

युद्धाबद्दल फार बोलत नाही, त्यावर सिनेमे भरपूर आहेत. फक्त एक गोष्ट. १ जानेवारी १८६३ चा लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा बंडखोर भागांपुरता होता. केंटकी, डेलावेअर अशा सरकारच्या बाजूनं राहिलेल्या राज्यांतले गुलाम त्यानं सुटले नाहीत. शिवाय तो युद्धकाळातला हुकूम, उद्या कोर्टानं उडवला तर? म्हणून घटनादुरुस्तीच हवी होती.

ती सिनेटमध्ये एप्रिल १८६४ मध्ये पास झाली. खालच्या सभागृहात जूनमध्ये पडली. ३१ जानेवारी १८६५ ला पुन्हा मतदान झालं, ११९ विरुद्ध ५६. हवी होती ११७. म्हणजे दोन मतं जास्त. गॅलरीतले लोक ओरडत होते, रडत होते, सभासद एकमेकांना मिठ्या मारत होते. ६ डिसेंबर १८६५ ला जॉर्जियाची मंजुरी मिळाली आणि तीन-चतुर्थांश राज्यं पूर्ण झाली. जवळपास चाळीस लाख माणसांबद्दलची गोष्ट, दोन मतांच्या फरकानं संसदेतून बाहेर आली.

आता हा मजकूर लक्ष देऊन ऐका. गुलामगिरी किंवा सक्तीची चाकरी अमेरिकेत कुठेही असणार नाही. मध्येच स्वल्पविराम, आणि आत एक वाक्यखंड. रीतसर दोषी ठरलेल्या माणसाला गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सोडून.

इफ कंडिशनमधला तो एक अपवाद.

तो आला कुठून? कॉपी-पेस्ट! सिनेटर चार्ल्स समनर यांना वेगळी भाषा हवी होती, कायद्यापुढे सगळे समान, कुणी कुणाला गुलाम करू शकणार नाही, अशी. बाकीचे म्हणाले, नवं कशाला, आपल्या वाडवडिलांची जुनी भाषा घेऊ. ती जुनी भाषा १७८७ च्याच जुलै महिन्यातल्या एका कायद्यातली, वायव्येकडच्या नव्या प्रदेशासाठी केलेल्या. त्यात गुलामगिरीला बंदी होती, आणि हा अपवादही होता. लोकांना ओळखीचं वाटलं, घेतलं. यामागे कुणाचा कट होता असं मला वाटत नाही. जुन्या फाइलमधून उचललेल्या ओळीचा पुढे काय उपयोग होईल याचा विचार कुणी फारसा केला नाही, एवढंच. आमच्याकडे निम्मे बग असेच येतात.

दक्षिणेतल्या राज्यांना मात्र तो उपयोग लगेच दिसला. मिसिसिपीनं तर दुरुस्ती पूर्ण मंजूर व्हायच्या आधीच, नोव्हेंबर १८६५ मध्ये, कायदे करायला घेतले. सुटलेल्या प्रत्येक काळ्या माणसाकडे जानेवारीत कामाचा लेखी पुरावा हवा. नसेल तर तो भटक्या, म्हणजे गुन्हेगार. दंड भर. पैसे नाहीत? मग जो दंड भरेल त्याच्याकडे शेरीफ तुला कामाला देणार. बहुतेक वेळा दंड भरायला मळेवाला तयारच असायचा. अशा कायद्यांना ‘ब्लॅक कोड्स’ म्हणतात.

त्यातून पुढे कैदी भाड्यानं द्यायची पद्धत आली. राज्य सरकार कैदी कोळशाच्या खाणींना, रेल्वे बांधणाऱ्यांना, जंगलातल्या टर्पेंटाइनच्या छावण्यांना भाड्यानं द्यायचं. गुलाम मेला तर मालकाचं भांडवल बुडायचं. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा यायचा. अलाबामात हे १९२८ पर्यंत चाललं. १८७१ मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात कैद्याला काय म्हटलं माहितीये? शिक्षा चालू असेपर्यंत तो ‘राज्याचा गुलाम’ आहे, असं. घटनेतून हद्दपार केलेला शब्द सहा वर्षांत कोर्टाच्या निकालात परत आला, यावेळी उघडपणे.

आपल्याकडे ही बातमी कशी पोचली तेही सांगायला हवं. १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं, आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी तिथल्या गुलामांना सोडवण्यासाठी त्याग केला त्यांना. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता घ्यावा, अशी इच्छा त्यात आहे. टीव्ही नाही, इंटरनेट नाही, आणि एवढ्या लांबच्या लढ्यात जोतीरावांना आपला लढा दिसला. शाळेत आम्हाला पुस्तकाचं नाव पाठ करायला लावलं होतं, अर्पणपत्रिकेबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. आणि आपल्या घटनेच्या सतराव्या कलमात ‘अस्पृश्यता’ हा शब्द थेट लिहिलाय, आडवळण नाही. त्याची व्याख्या मात्र दिलेली नाही, आणि घटना समितीत यावर काही सदस्यांनी बोटही ठेवलं होतं. तो स्वतंत्र भागाचा विषय आहे, करू कधीतरी.

परत अमेरिकेत. लुइझियानात अंगोला नावाचा तुरुंग आहे, अठरा हजार एकरांचा. आधी तो गुलामांचा मळा होता, अंगोला हे नाव त्या मळ्याचंच. तिथे कैदी आजही शेतात राबतात, बहुतेक काळे. मजुरी तासाला काही सेंट. टेक्ससमध्ये बहुतेक कामांना तीही नाही. हे सगळं तेराव्या दुरुस्तीतल्या त्या अपवादात बसतं. एव्हा डुव्हर्ने यांची ‘१३टी’एच’ नव्हे, नुसती ‘थर्टीन्थ’ अशी वाचायची ती २०१६ ची डॉक्युमेंटरी याच ओळीवर आहे, नक्की बघा.

आणि हो, मिसिसिपी. या राज्यानं तेराव्या दुरुस्तीला मंजुरी देण्याचं मतदान केलं १९९५ मध्ये. एकोणीसशे पंच्याण्णव! तरी कागद वॉशिंग्टनला रीतसर पाठवायचा राहूनच गेला. मग भारतातून तिकडे गेलेल्या एका प्राध्यापकांनी स्पीलबर्गचा ‘लिंकन’ पाहिला, पुढे काय झालं म्हणून घरी येऊन शोधलं, आणि ही चूक त्यांच्या लक्षात आली. फेब्रुवारी २०१३ मध्ये नोंद पूर्ण झाली. बघा, सिनेमा संपल्यावर गुगल करायची सवय वाईट नाही.

देशाच्या घटनेतला तो अपवाद अजून तसाच आहे. पण राज्यांच्या स्वतःच्या घटनांतही तसाच अपवाद होता, आणि काही राज्यं तो काढतायत. कोलोराडोनं २०१८ मध्ये काढला. २०२२ मध्ये अलाबामा, टेनेसी, ओरेगॉन आणि व्हरमाँट. त्याच वर्षी लुइझियानात तो ठराव पडला. ज्या आमदारानं तो आणला होता त्यानंच शेवटी लोकांना विरोधात मत द्यायला सांगितलं, कारण मतपत्रिकेवरची शब्दरचना इतकी बिघडली होती की उलटा अर्थ निघाला असता.

आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एकाच दिवशी दोन शेजारी राज्यांत मतदान झालं. नेवाडाच्या मतपत्रिकेवर प्रश्नात ‘गुलामगिरी’ हा शब्द होता. तिथे लोकांनी मोठ्या बहुमतानं अपवाद काढून टाकला. कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर तो शब्द नव्हता, फक्त ‘सक्तीची चाकरी’ असं होतं. कॅलिफोर्निया, म्हणजे जिथून ते मास्टर-स्लेव्ह बदलायचं फर्मान आमच्या टीमला आलं होतं. तिथे ठराव पडला. अर्थात पडायची कारणं आणखीही असतील, गुन्हेगारीबद्दलचं त्या वर्षीचं वातावरण वगैरे. पण तो निकाल वाचला तेव्हा मला आमचा तो कॉल आठवला, आणि आम्ही सगळे हसलो होतो ते.

चला, थांबतो. तुमच्या ऑफिसात ते शब्द बदलले का, आणि तेव्हा काय बोलणं झालं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या रविवारी.